बर्फातल्या चर्चचा फोटो मळकट का येतो?

शिमल्याच्या रिजवर रात्रभर बर्फ पडून गेलेला असतो. सकाळी पिवळसर रंगाचं क्राइस्ट चर्च, समोरचं पांढरंशुभ्र पटांगण आणि मागे जाखू टेकडीवरचे देवदार असं सगळं डोळ्यांसमोर असतं. मोबाइल निघतो, फोटो काढला जातो आणि स्क्रीनवर दिसतो तो राखाडी बर्फ, त्यावर निळसर झाक. फोटो घरच्या ग्रुपवर पडतो आणि तिकडून विचारणा होते, "पाऊस होता का तिकडे?"

यात दोष मोबाइलच्या किमतीचा नसतो. लाखभराच्या कॅमेऱ्यातही बर्फ असाच मळकट येऊ शकतो.

कॅमेऱ्याचा गैरसमज

समोर बर्फ आहे की कोळसा, हे कॅमेऱ्यातल्या लाइट मीटरला कळत नाही. समोरून किती उजेड येतोय, एवढंच तो मोजतो. जगातली बहुतेक दृश्यं सरासरीने मध्यम करड्या रंगाइतकी उजळ असतात, असं गृहीत धरून तो बनवलेला असतो. हा मध्यम करडा म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारा रंग. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवतो. एवढा उजेड पाहून कॅमेऱ्याला वाटतं, प्रकाश फारच जास्त झाला. तो इमानेइतबारे प्रकाश कमी करतो आणि पांढऱ्याचा करडा करून ठेवतो.

फरक जवळपास पाचपट आहे. फोटोग्राफीच्या भाषेत दोन स्टॉपहून थोडा जास्त, कारण एक स्टॉप वाढवला की प्रकाश दुप्पट होतो. म्हणूनच बर्फात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ ते +२ ठेवावं, असं सांगितलं जातं. मोबाइलवर हे काम सोपं आहे. स्क्रीनवर बर्फाच्या जागी बोट टेकवलं की बऱ्याच फोनमध्ये सूर्याचं चिन्ह किंवा एक पट्टी दिसते, ती हळूहळू वर सरकवायची. हल्लीचे काही फोन बर्फ ओळखून हे आपणहून करतात. मात्र फ्रेममध्ये चर्च आलं की त्यांचाही गोंधळ उडतो.

चर्चची इमारत बहुधा बर्फापेक्षा बरीच गडद असते. बोट मनोऱ्यावर टेकवलं तर फोन मनोरा उजळ करतो आणि बर्फ पूर्ण जळून जातो. तिथे पांढऱ्या डागाशिवाय काहीच उरत नाही. ना पावलांचे ठसे, ना वाऱ्याने पडलेल्या लाटा. अशा जळालेल्या भागात माहितीच नोंदलेली नसते, त्यामुळे नंतर कोणतंही ॲप ती परत आणू शकत नाही. अंधारलेला भाग मात्र, विशेषतः फोटो रॉ फॉरमॅटमध्ये असेल तर, बराच वर काढता येतो. म्हणून बर्फाचा पोत दिसेनासा होण्याआधीच पट्टी थांबवावी आणि चर्च थोडं गडद राहिलं तरी राहू द्यावं. उन्हात +१ सुद्धा पुरेसं होतं. ढगाळ हवेत जास्त लागतं.

तीन चर्च, तीन अडचणी

शिमल्याचं क्राइस्ट चर्च त्यातल्या त्यात सोपं. १८४४ मध्ये पायाभरणी होऊन १८५७ मध्ये पूर्ण झालेली ही नवगॉथिक इमारत फिकट पिवळ्या रंगाची असल्याने तिच्यात आणि बर्फात उजेडाची फार तफावत नसते. रिजच्या पूर्व टोकाला ती उभी आहे, त्यामुळे तिच्या दर्शनी भागावर संध्याकाळचं ऊन येतं. समोर मोकळी जागाही भरपूर आहे. जवळ उभं राहून फोन वर कलवला की मनोरा मागे कोसळतोय असा दिसतो. रिजवर चार पावलं मागे सरकून फोन सरळ धरता येतो. जाखूवरची १०८ फुटी हनुमानाची मूर्तीही अशा फोटोत अनेकदा येते आणि चर्चच्या मनोऱ्यासोबत ती छानच दिसते. अडचण वेगळीच आहे. रिजवर गर्दी लोटली की काही तासांत बर्फाचा चिखल होतो. त्यामुळे संध्याकाळच्या उन्हासाठी थांबायचं की पहाटेच्या न तुडवलेल्या बर्फासाठी लवकर उठायचं, हे ठरवावं लागतं. थंडी कितीही असली तरी उठलेलं बरं.

धर्मशाळेजवळ मॅक्लोडगंजच्या वाटेवरचं सेंट जॉन इन द वाइल्डरनेस अगदी उलट स्वभावाचं आहे. १८५२ चं हे दगडी चर्च दाट देवदारांत दडलेलं आहे. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन १८६३ मध्ये धर्मशाळेत वारले, त्यांची कबर इथेच आहे. १९०५ च्या कांगडा भूकंपात घंटेचा मनोरा पडला. पुढे इंग्लंडहून आणलेली घंटा आवारातच ठेवलेली आहे. इथे काळपट दगड, काळपट झाडं आणि मध्येच पांढरा बर्फ असतो. ऊन असेल तर जमिनीवर उजेडाचे ठिपके पडतात आणि कॅमेऱ्याला काहीच धड झेपत नाही. ढगाळ दिवस इथे वरदान ठरतो, कारण ढगांमुळे उजेड सगळीकडे सारखा पसरतो.

बर्फ पडत असतानाचा फोटो हवा असेल तर अशी गडद जागा शोधावी. पांढऱ्या आभाळासमोर पडणारे कण दिसतच नाहीत, काळ्या देवदारासमोर एकेक कण उठून दिसतो. शटरचा वेग १/२५० सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवला तर कण हवेत थबकल्यासारखे येतात, १/३० च्या आसपास त्यांच्या रेघा होतात. फ्लॅश बंदच ठेवावा. तो चर्चपर्यंत पोचत नाही, लेन्ससमोरचे कण तेवढे मोठाले पांढरे गोळे करून टाकतो.

गुलमर्गचं सेंट मेरीज चर्च १९०२ चं. छोटी दगडी इमारत आणि भोवती मोकळं कुरण. इथे चर्चजवळ जाऊन फोटो काढण्यापेक्षा दुरून, विस्तीर्ण पांढऱ्यात ते एवढंसं दिसू देण्यात जास्त मजा आहे. त्यासाठी एक पथ्य पाळावं: आधी लांबून फोटो काढावा, मगच पुढे जावं. अनेक जण आधी दारापर्यंत जाऊन येतात आणि मग स्वतःच्याच पायवाटेचा फोटो काढतात. आता तर बर्फही हमखास मिळेल असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्गची उतरण कोरडी होती आणि त्या तपकिरी कुरणाचेच फोटो सोशल मीडियावर फिरत होते.

मीटर न सापडलेला फोटोग्राफर

चर्च, दूरवरचा बर्फ आणि हातातून निसटणारा उजेड यांचा बहुधा सर्वांत प्रसिद्ध फोटो अमेरिकेत काढला गेला. ॲन्सेल ॲडम्स न्यू मेक्सिकोतून गाडीने जात असताना त्यांना हर्नांडेझ हे खेडं दिसलं. छोटं चर्च, दफनभूमीतले पांढरे क्रूस, मागे बर्फाच्छादित डोंगर आणि वर उगवलेला चंद्र. मावळतीचं शेवटचं ऊन क्रुसांवर होतं. घाईघाईत मोठा कॅमेरा उभा केला, पण लाइट मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता किती असते हे ॲडम्सना पाठ होतं. त्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब करून एक्स्पोजर ठरवलं आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यायला जाईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलेलं होतं.

चंद्र जळू द्यायचा नाही, एवढं ॲडम्सनी पक्कं केलं होतं. त्या बदल्यात पुढची जमीन निगेटिव्हवर फिकी उतरली. पुढे १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या त्या भागावर रासायनिक प्रक्रिया केली. बर्फ सांभाळून चर्च नंतर उजळवण्याचा आजचा सल्ला याच जातीचा आहे. फोटोची तारीख मात्र ॲडम्सच्या लक्षात राहिली नाही. चंद्राच्या जागेवरून खगोलगणित करून इतरांनी ती काढली: १ नोव्हेंबर १९४१.

निळा रंग चूक नाही

बर्फावरची सावली खरोखरच निळी असते. तिथे थेट ऊन पोचत नाही, फक्त निळ्या आभाळाचा उजेड पोचतो आणि पांढरा बर्फ तोच परत पाठवतो. डोळा हा निळेपणा सवयीने दुर्लक्षित करतो, कॅमेरा करत नाही. व्हाइट बॅलन्स थोडा उबदार केला की झाक कमी होते. मात्र सावल्यांतला सगळा निळा पुसून टाकला तर बर्फ थर्मोकोलसारखा दिसायला लागतो. सूर्य मावळल्यानंतरच्या वीसेक मिनिटांत तर हा निळा हवाच असतो. तेव्हा चर्चच्या खिडक्यांतला पिवळा दिवा आणि बाहेरचा निळा बर्फ यांचा उजेड जवळपास सारखा होतो आणि दोन्ही एकाच फोटोत नीट येतात.

थंडी आणि बॅटरी

लिथियम बॅटरी थंडीत लवकर मान टाकते. आयफोन वापरण्यासाठी ॲपलने दिलेली तापमानाची मर्यादाच मुळी ० ते ३५ अंश सेल्सियस आहे. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावा. बंद पडलेला फोन ऊब मिळाल्यावर बहुधा पुन्हा सुरू होतो. परतताना थंडगार कॅमेरा तसाच गरम खोलीत नेला तर त्यावर आणि आतही दव धरतं. बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून आत न्यावा, म्हणजे दव पिशवीवर धरतं. खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी.

ही तिन्ही चर्च केवळ फोटोची ठिकाणं नाहीत. प्रार्थना सुरू असेल तर कॅमेरा खाली ठेवावा आणि आत फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारावं. सेंट जॉनच्या आवारात कबरी आहेत आणि बर्फ पडल्यावर त्या झाकल्या जातात. चांगली फ्रेम मिळवण्यासाठी मागे मागे सरकताना पायाखाली काय आहे ते आधी बघावं.