वर्ग, फासे आणि नवशिका

नवी मुंबईतील आमच्या वर्गात 'नायकभेद' शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "नायक आपला प्रकार स्वतः निवडतो का?" भरताच्या धीरोदात्तादी चार नायकांपुरते उत्तर 'नाही' असेच आहे, तेथे प्रकार ठरवतो तो नाटककार.

वेगळे उत्तर आम्हांला सापडले ते एका खेळात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये (१९७४) पात्रांचे वर्ग तीनच होते: योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपासक. चोर आला तो १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत. बळ, बुद्धी आदी सहा गुण तीन फाशांच्या बेरजेने ठरत. वर्ग मात्र खेळाडू निवडी. नवशिक्याला योद्धा सोयीचा, कारण त्याला कोणतेही शस्त्र व चिलखत चालते. मांत्रिकाचा आरंभ एकाच मंत्राने व नाजूक देहाने होतो. त्याचे सामर्थ्य फार पुढचे.

फासा जन्मासारखा, निवड पुरुषार्थासारखी. कर्णाची व्यथा नेमकी हीच: गुण योद्ध्याचे, पण वर्ग सूताचा ठरवला गेला. जन्मावरून व्यवसाय ठरवीत आलेल्या समाजात म्हणूनच 'सोपे तेच घे' असे सांगताना आम्ही अडखळतो. सोय जरूर सांगावी; निवड नवशिक्याचीच राहू द्यावी.