काप फेरा : एका बागेचा पैसा

फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, नीस आणि मोनॅको यांच्या दरम्यान, एक चिंचोळे द्वीपकल्प समुद्रात शिरले आहे. त्याचे नाव काप फेरा. पाइन वृक्षांची सावली, फिकट खडक, निळेशार पाणी आणि उंच भिंतींआड दडलेले बंगले. जगातील सर्वांत महागड्या जमिनींत या भूमीची गणना होते. आजचा धागा तिथल्या एका बागेविषयी, आणि ती ज्या पैशावर वाढली त्याविषयी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे श्रीमंतीची खूण नव्हती. सँ-झाँ ही कोळ्यांची वस्ती आणि ऑलिव्हची झाडे, एवढेच. १८६० मध्ये नीसचा प्रदेश सार्डिनियाच्या राज्याकडून फ्रान्सकडे आला. १८६४ मध्ये नीसला आणि १८६८ मध्ये मोनॅकोला रेल्वे पोहोचली. उत्तर युरोपातील धनिक हिवाळा काढण्यासाठी या किनाऱ्यावर येऊ लागले.

त्यांतलाच एक, बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड. त्याने काप फेरावरील जमीन तुकड्यातुकड्याने विकत घेतली. १९०४ मध्ये घेतलेली 'ले सेद्र', म्हणजे देवदारांची वाडी, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध मालमत्ता. बेल्जियमसारख्या लहान देशाच्या, संसदेला बांधलेल्या राजाकडे एवढा पैसा आला कोठून?

उत्तर आफ्रिकेत आहे. १८८५ मध्ये युरोपीय सत्तांच्या संमतीने लिओपोल्ड काँगो खोऱ्याचा धनी झाला. बेल्जियमच्या सत्तर पटींहून मोठा हा प्रदेश बेल्जियमची वसाहत नव्हता. तो राजाचा खाजगी होता. त्याचे अधिकृत नाव होते 'काँगो मुक्त राज्य'. राजाने तेथे कधी पाऊलही ठेवले नाही.

१८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही वर्षांत रबराची मागणी भडकली. मळ्यातली झाडे चिकाला येण्यास वर्षे लागतात. काँगोच्या अरण्यात मात्र रबराच्या वेली आयत्याच होत्या. हवे होते फक्त मजूर. गावागावावर रबराचा ठरावीक भरणा बसवण्यात आला. पुरुषांना रानात धाडण्यासाठी त्यांच्या बायकामुलांना ओलीस ठेवले जाई. भरणा कमी पडला की सैनिक येत. झाडलेल्या गोळीचा हिशेब म्हणून अधिकारी मृताचा कापलेला हात मागत. शिकारीत गोळी खर्ची पडली, तर तो हिशेब जिवंत माणसाच्या हाताने पुरा केला जाई. वसुलीची पद्धतच या हिशेबावर उभी होती. त्याला काही क्रूर शिपायांचा अतिरेक म्हणून सोडून देता येत नाही.

'ले सेद्र' खरेदी झाली त्याच १९०४ च्या मे महिन्यात काँगोतील एका मिशनच्या ओसरीवर न्साला नावाचा माणूस येऊन बसला. त्याच्यासमोर त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा, बोआलीचा, तोडलेला हात आणि पाऊल होते. ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी त्याचे छायाचित्र घेतले. रॉजर केसमेंट यांचा ब्रिटिश सरकारला सादर झालेला अहवालही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. अशी छायाचित्रे आणि ई. डी. मोरेल यांची चळवळ यांमुळे राजावरील दबाव वाढत गेला. १९०८ मध्ये बेल्जियमने काँगो त्याच्याकडून काढून घेतला. त्याबद्दल राजाला मोबदलाही मिळाला, हे विशेष! हस्तांतरापूर्वी ब्रुसेल्समध्ये काँगो राज्याची दप्तरे कित्येक दिवस जाळली जात होती. बळींचा नेमका आकडा आता कोणालाच सांगता येत नाही. सुमारे एक कोटीपर्यंतचे अंदाज मांडले गेले आहेत आणि त्यांवर वाद चालू आहे.

डिसेंबर १९०९ मध्ये राजा मेला. मृत्यूपूर्वी काही दिवस आधी त्याने ब्लांश देलाक्रोआ या प्रेयसीशी धार्मिक विधीने विवाह केला होता. संपत्ती सरकारच्या आणि स्वतःच्या मुलींच्या हाती लागू नये, म्हणून त्याने तिचा मोठा भाग जर्मनीतील एका प्रतिष्ठानाच्या आड ठेवला होता. तिचा शोध घेण्यात आणि कज्जे निवारण्यात बेल्जियमची बरीच वर्षे गेली.

शेजारीच बेआत्रिस एफ्रुसी द रोथशिल्ड यांचा गुलाबी प्रासाद आहे. ही जमीन त्यांनी लिओपोल्डवर मात करून मिळवली, अशी कथा तेथे आवडीने सांगतात. १९३४ मध्ये त्या वारल्या. प्रासाद त्यांनी फ्रान्सच्या ललित कला अकादमीला देऊन टाकला होता. आज तिकीट काढून तो कोणालाही पाहता येतो.

'ले सेद्र' १९२४ मध्ये ग्रॅन्ड मार्निए हे मद्य बनवणाऱ्या कुटुंबाकडे गेली. त्यांनी तेथे हजारो जातींच्या वनस्पती वाढवल्या. वनस्पतिशास्त्रज्ञांत या बागेचे नाव आदराने घेतले जाते, आणि तो आदर खोटा नाही. २०१६ मध्ये ती मद्यकंपनी काम्पारीने विकत घेतली. २०१९ मध्ये तिने 'ले सेद्र' सुमारे २० कोटी युरोंना विकली.

फ्रान्समध्ये १९७६ च्या एका कायद्याने समुद्रालगतच्या खाजगी जमिनींच्या कडेने तीन मीटर रुंदीची पट्टी पायी चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी लागते. काप फेराच्या कडेनेही अशी पायवाट जाते. तिच्यावर चालण्यास तिकीट लागत नाही. एका हाताला समुद्र असतो, दुसऱ्या हाताला कुंपणे आणि भिंती.