बातमी लिहायचं शिक्षण

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोरगी पत्रकारिता शिकायचं म्हणते. पेपरात लिहायला कॉलेज कशाला लागते?"

प्रश्न रास्त आहे. पूर्वी हे काम लोक करता करताच शिकत. आपल्या यवतमाळात १९१८ साली 'लोकमत' साप्ताहिक काढलं ते बापूजी अणे यांनी. ते पेशानं वकील. त्याआधी १९०६ साली तानुबाई बिर्जे 'दीनबंधु'च्या संपादक झाल्या. त्या महात्मा फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या. त्यांचे पती वासुदेवराव हा पेपर चालवत. ते वारले आणि तानुबाईंनी पेपर बंद पडू दिला नाही. देशातल्या पहिल्या स्त्री संपादकांमध्ये त्यांचं नाव घेतात.

पुढे हा अभ्यासाचा विषय झाला. १९५२ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग निघाला. अमेरिकेचे प्राध्यापक रोलंड वूल्सली यांनी तो उभा केला. या शिक्षणात काय असते? ऐकलेलं तपासून घ्यायचं, दोन्ही बाजू विचारायच्या, कायदा समजून लिहायचं.

आपण गटाच्या वहीत कोण आलं, काय ठरलं, किती पैसे जमले हे लिहितोच. पण गावातली विहीर आटली, मजुरी थकली, हे पेपरात कोण लिहिणार?

त्या ताईंना मी म्हटलं, तानुबाईंना संपादकाची खुर्ची पती गेल्यावर मिळाली. तुमच्या पोरीला ती शिक्षणावर मिळू द्या.