गोधडी आणि शिवणाच्या भेटी (वाशीम जिल्हा)

वाशीम जिल्ह्यात सणावाराला, बारशाला आणि लग्नाला घरीच शिवून दिल्या जाणाऱ्या वस्तू. त्यांत गोधडी किंवा वाकळ मुख्य. तिच्या जोडीला बाळाचे दुपटे, झबले-टोपरे, कुंची, बटवा, चंची, रुखवतातली आसने-तोरणे आणि पोळ्याची झूल. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहाही तालुके जुन्या वऱ्हाडातले, म्हणजे कापसाच्या मुलखातले. आता खरिपाचे बरेचसे रान सोयाबीनने धरले आहे. जुने सुती लुगडे टाकून न देता घडी घालून ठेवण्याची सवय मात्र टिकून आहे.

या भेटींची गंमत अशी, की त्यांना नवे कापड लागत नाही. किंबहुना चालतच नाही म्हटले तरी चालेल. दुकानातून ताजा कपडा आणून शिवलेली गोधडी उबदार असेल, पण लेकीला हवे असते ते आजीचे लुगडे आणि वडिलांचे धोतर.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याच्या चार घड्या केल्या की दोन मीटर लांबीचे चार थर हाती येतात, एका माणसाच्या अंगभर पुरतील असे. पन्हा सव्वा मीटरच्या आसपास असल्याने दोघांची गोधडी हवी तर दोन लुगडी शेजारीशेजारी जोडावी लागतात. उन्हाळ्यात शेतातली कामे उरकली, की ओसरीवर एक साडी ताणून पसरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. वर धोतराचे पाट, विरलेल्या चादरी, फाटक्या सदऱ्यांच्या पाठी सारख्या जाडीने लावायच्या आणि शेवटी चांगल्या रंगाची साडी अंथरायची. आधी लांबलांब कच्चे टाके, नाहीतर थर सरकून मधे फुगा येतो. मग कडा आत दुमडून धावदोरा सुरू होतो. तो काठाच्या आतून चौकोनी फेऱ्या घेत मधल्या भागाकडे सरकतो. दोन फेऱ्यांत बोटभरही अंतर नसले तर ती गोधडी वर्षानुवर्षे धुण्याला टिकते. कापूस भरलेली रजई भिजली की आत गोळे होतात आणि पिंजाऱ्याची आठवण येते. गोधडीत थरच थर असल्याने ती भानगड नाही. पॉलिएस्टरच्या साड्यांनी मात्र पंचाईत केली आहे. त्या घाम टिपत नाहीत आणि आतल्या थरात घातल्या तर सुळकन सरकतात. म्हणून त्यांना वरच्या बाजूला, शोभेपुरते घेतात.

बाळासाठी हेच तंत्र हलक्या हाताने. बारशापर्यंत तान्ह्याला नवे कपडे न घालण्याची रीत अनेक घरांत पाळतात. खळ पूर्ण गेलेले कापड कातडीला टोचत नाही, हे त्यामागचे साधे कारण दिसते. बाळंतविड्यात दुपटी, झबली, टोपरी आणि खणाची कुंची जाते. कुंची डोक्यावरून पाठीवर उतरते, कडेला बारीक झालर.

मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान, बंजारा समाजाची काशी. रामनवमीला तेथे मोठी यात्रा भरते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. या समाजाच्या तांड्यांवरचा कशिदा गोधडीपेक्षा कितीतरी बोलका: लाल-निळ्या कापडावर दाट टाके, गोल आरसे, कवड्या, नाणी. फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) यांवरचे हे काम बटव्यांवर आणि पिशव्यांवरही येते, आणि लेकीच्या लग्नासाठी आया ते आधीपासून करून ठेवत. कर्नाटकातल्या संडूर येथील लंबाणी कशिद्याला भौगोलिक मानांकन मिळाले असून २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० बैठकीच्या निमित्ताने १७५५ कशिदावस्तूंचे विक्रमी प्रदर्शन भरले होते. नाव वेगळे, समाज तोच.

भेटींच्या यादीत बैलही येतो, आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. पोळ्यासाठी जाड कापडावर रंगीत पट्ट्या, गोंडे आणि आरसे लावून झूल शिवतात. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा मागत फिरतात. त्या बैलांनाही उरल्यासुरल्या चिंध्यांची वीतभर झूल मिळते.

दिवाळीचे माहेरपण संपवून निघालेल्या लेकीच्या सामानात फराळाच्या डब्याबरोबर गोधडी बांधली जाते. दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबांच्या बिऱ्हाडात तर तिला पर्याय नाही: तीच अंथरूण, तीच पांघरूण, तीच कोपीचा (झोपडीचा) आडोसा.

शहरात गोधडीचा मान अलीकडे वाढला. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत सचित्र पुस्तक लिहिले. बचत गटांचा माल मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासारख्या ठिकाणी विकला जातो. आईच्या साड्या पाठवून गोधडी शिवून मागवणारे गिऱ्हाईकही तयार झाले आहे. अशा मागणीला हाताचा वेग पुरत नाही, म्हणून पुष्कळ काम शिलाई मशीनवर होते. मात्र साध्या मशीनच्या सुईखाली सात-आठ थर सहज जात नाहीत, त्यामुळे ती गोधडी दोन-तीन थरांची आणि हलकी निघते. प्रवासाला सोयीची, पौषातल्या थंडीला तोकडी.