चावी कुणी दिली?

बेव्हर्ली पार्कमध्ये संध्याकाळी स्कूटर उडवणारी नववी-दहावीची पोरं रोज दिसतात. त्यांच्या आईवडिलांसाठी थोडा इतिहास.

१२ नोव्हेंबर २००६. पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर २१ वर्षांच्या तरुणाची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. ७ जण गेले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा मानून सहा महिने कैद दिली. उच्च न्यायालयाने म्हटलं, दारू पिऊन अशी गाडी हाकणाऱ्याला परिणामांची जाणीव असतेच. म्हणून सदोष मनुष्यवध, ३ वर्षं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तेच कायम केलं.

आणि चालवणारा अल्पवयीन असेल तर? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दोन जीव घेतले. जामिनासाठीचा ३०० शब्दांचा निबंध सगळ्यांना आठवतो. दोनच दिवसांत वडिलांना अटक झाली, ते मात्र आपण विसरलो.

पूर्वी कोर्ट विचारायचं, गाडी कोण चालवत होतं. आता आणखी एक प्रश्न विचारतं: चावी कुणी दिली? आज घरी गेल्यावर चावी कुठे टांगलेली असते, तेवढं बघा.