फोनबाहेरचा डॅक आणि आपला कान



मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच श्रोत्यांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. फोनवर गाणी ऐकतो. त्याला बाहेरून एखादी डबी जोडली तर आवाज खरंच सुधारतो का, आणि सुधारत असेल तर किती रुपयांची घ्यावी? प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर माझ्याकडे नाही. मी दुकान चालवत नाही, तत्त्वज्ञान शिकवत आलो. पण पहिल्या भागाला चांगला सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो डोळ्यांसमोर असला तर दुकानदार काय विकतोय हे निदान कळतं.

सुरुवात करू त्या गोल भोकापासून, ज्यात आपण इअरफोनची पिन खुपसायचो. १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवनला पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत एक्स्चेंजच्या बोर्डावर रांगेनं भोकं आणि दोरीच्या टोकाला पिन, ही रचना रूढ झाली. ऑपरेटर बाई एका भोकातली पिन दुसऱ्यात घालायची आणि दोन घरं बोलायला लागायची. हाच तो जॅक. जाडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. आजही गिटारला, मिक्सरला तोच लागतो. दीडशे वर्षांत इतकं कमी बदललेलं विजेचं यंत्र मला दुसरं चटकन आठवत नाही. त्याची धाकटी आवृत्ती साडेतीन मिलिमीटरची. ती ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर पसरली आणि १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आल्यावर जगभर पोचली. मग मोबाइल फोनांत आली. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये हे भोक इतकं खोल बसवलेलं होतं की अनेकांच्या हेडफोनची पिन आत पोचतच नसे.

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलनं आयफोन ७ मधून ते काढूनच टाकलं. काही कंपन्यांनी त्याआधीही काढलं होतं, पण गाजावाजा याचा झाला. फिल शिलर यांनी व्यासपीठावरून कारण सांगितलं ते ‘धैर्य’. त्यावर लोक पुष्कळ हसले. मला गंमत वाटली ती वेगळीच : टेलिफोनसाठी जन्मलेला जॅक टेलिफोनमधूनच हद्दपार झाला, आणि गिटारमध्ये मात्र सुखानं नांदतोय.

आता, त्या भोकातून बाहेर काय येत होतं? विजेचा दाब, गाण्यासारखाच वरखाली होणारा. फोनच्या पोटात गाणं असतं ते आकड्यांच्या रूपात. आकड्यांचा दाब करणारी चिप म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर, बोलीत ‘डॅक’. त्या दाबाला हेडफोन हलवण्याइतकी ताकद देतो तो ॲम्प्लिफायर. जॅक होता तोवर हेडफोनसाठीची ही दोन्ही कामं फोनमध्ये व्हायची. जॅक गेला, तेव्हा ती फोनबाहेर गेली. कुठे गेली? आयफोन ७ च्या खोक्यात जी बोटभर पांढरी वायर मिळायची, तिच्या टोकाच्या प्लगमध्ये! लोक तिला नुसती वायर समजत होते, पण तिच्यात डॅकही होता आणि ॲम्पही. म्हणजे ‘बाहेरचा डॅक’ ही शौकिनांची चैन २०१६ मध्ये लाखो लोकांच्या खिशात गेली, आणि त्यांना पत्ताही नव्हता. (काही अँड्रॉइड फोनांत यूएसबी-सीच्या भोकातून थेट ॲनालॉग संदेश येतो आणि तिथलं डोंगल खरोखरच नुसती वायर असतं. म्हणून मेहुण्याचं डोंगल आपल्या फोनला चालत नाही. डोंगल बिघडलेलं नसतं.)

इथे एक जुना गैरसमज दूर करायला हवा, कारण महागड्या डब्यांची निम्मी विक्री त्याच्यावर चालते. गैरसमज असा : डिजिटल आवाज म्हणजे तुकडे तुकडे, पायऱ्या पायऱ्या, मधल्या फटीत संगीत हरवतं, आणि भारी डॅक ते परत आणतो. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा आहे. झेनो म्हणतो, बाण प्रत्येक क्षणी एका जागी स्थिर असतो, मग तो चालतो कधी? आपल्याकडे क्षणिकवादी बौद्धांपुढेही असाच पेच टाकला गेला : सगळं क्षणाक्षणाचं असेल, तर प्रवाह कुठून आला? संगीतापुरतं याचं उत्तर गणितानं दिलंय. १९२८ मध्ये नायक्विस्ट, १९३३ मध्ये कोतेल्निकोव्ह आणि १९४९ मध्ये शॅनन, अशा तिघांच्या कामातून ते स्पष्ट झालं. आवाजातली सगळ्यात उंच कंपनं सेकंदाला जितकी असतील, त्याच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले, तर त्या सगळ्या नमुन्यांतून जाणारी आणि त्या मर्यादेत राहणारी वक्ररेषा एकच असते. एकच हं! दोन नमुन्यांच्या मध्ये काय होतं याबद्दल शंकेला जागाच उरत नाही. डॅकमधून बाहेर पडते ती गुळगुळीत रेषा; पायऱ्या फक्त जाहिरातीतल्या चित्रात असतात.

१९८२ मध्ये सीडी आली, ती सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन. आकडा विचित्र का? कारण त्या काळी डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत, आणि हा आकडा अमेरिकेच्या ६० आणि युरोपच्या ५० फील्डच्या टीव्हीत, दोन्हीकडे नेमका बसत होता. माणसाचा तरुण कान साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तेव्हा हे पुरेसं होतं. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, त्यामुळे अगदी हळू आणि अगदी मोठा यांतलं अंतर सुमारे ९६ डेसिबल. रात्री शांत घरातसुद्धा पंख्याची-रस्त्याची मिळून तीसेक डेसिबलची कुजबुज असतेच.

म्हणजे १९८२ लाच प्रश्न मिटला म्हणायचा? तत्त्वतः, बराचसा. पण सीडीला सेकंदाला सुमारे १४,११,००० बिट लागतात, आणि नव्वदच्या दशकातल्या टेलिफोन लाइनवरून ते जाणं शक्य नव्हतं. जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाच्या एका दुबळेपणावर काम केलं. मोठा आवाज शेजारच्या लहान आवाजाला झाकतो. झाकलेलं ऐकूच येत नसेल तर पाठवायचं कशाला? सुझान व्हेगा हिचं ‘टॉम्स डायनर’ हे बिनसाथीचं गाणं त्यांनी कसोटीला लावलं, कारण एकट्या आवाजातली खोट लपत नाही. जुलै १९९५ मध्ये ‘एमपी३’ हे नाव ठरलं. १२८ किलोबिटांची एमपी३ म्हणजे सीडीचा अकरावा हिस्सा.

नुकसान झालं ते इथे, आणि ते ऐकू येतं. कॅस्टनेट्स हे स्पॅनिश वाद्य या क्षेत्रात कसोटी म्हणून प्रसिद्ध आहे : टाळीसारखा कोरडा आघात, आणि कमी बिटांत त्या आघाताच्या आधीच एक पुसट फुसकार ऐकू येतो. आपल्याकडे तबल्यावरच्या चाटेला तेच होऊ शकतं. तानपुऱ्याचं आणखी अवघड. जवारी लावली की एकाच तारेतून स्वरांची अख्खी वस्ती जागी होते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास त्यावर लिहिलंय. कंजूष बिटांत ही वस्ती ओसाड होते आणि उरतो एक पातळ, पाण्याखालून आल्यासारखा गुणगुणाट. असं झालेलं गाणं पन्नास हजारांच्या डॅकमधून काढलं तरी गेलेले स्वर परत येत नाहीत. मग त्यावर उपाय काय? फोनमधल्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा दर्जा ‘सर्वोच्च’ करणं. अनेकांच्या फोनवर तो कमी डेटाच्या पर्यायावर अडकलेला असतो. ही दुरुस्ती फुकट आहे, त्यामुळे तिची जाहिरात कोणी करत नाही.

दुसरी गळती ब्लूटूथची. संगीत वाहून नेण्याची त्याची पद्धत २००३ ची. एसबीसी हे कोडेक प्रत्येक उपकरणात सक्तीचं, त्याचा वरचा नेहमीचा दर ३२८ किलोबिट. सोनीचं एलडॅक ९९० पर्यंत जातं, तेही सिग्नल उत्तम असेल तर. आयफोन इतर कंपन्यांच्या हेडफोनना एएसी पाठवतो. म्हणजे ॲपकडून आलेलं गाणं फोन उलगडतो, पुन्हा दाबतो आणि मग हवेत सोडतो. हे फार वाईट असतं असं मी म्हणणार नाही. चालताना, बसमध्ये फरक कळणं कठीणच. पण हेडफोन ब्लूटूथवर असेल, तर डॅक हेडफोनच्या आत आहे आणि तुमची बाहेरची डबी ड्रॉवरमध्ये राहिली तरी चालेल.

जून २०२१ मध्ये ॲपल म्युझिकनं काहीही न वगळलेलं, म्हणजे लॉसलेस संगीत जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली, थेट २४ बिट आणि १,९२,००० नमुन्यांपर्यंत. सोबत सूचना होती की ४८,००० च्या वरचं ऐकायचं तर बाहेरचा डॅक लागेल. त्या एका ओळीनं डॅकचा बाजार उसळला. अँड्रॉइडचं दुखणं वेगळं होतं : घंटी, नोटिफिकेशन आणि गाणं सगळं एकाच कढईत ढवळून फोन बहुतेक वेळा ४८,००० च्या मापानं बाहेर काढायचा. आकडे जसेच्या तसे बाहेरच्या डॅककडे देण्याची अधिकृत सोय २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये आली.

हे १,९२,००० कुणाला ऐकू येतात? माझ्या वयाच्या माणसाला दहा-बारा हजार कंपनांच्या वरचं बहुधा ऐकूच येत नाही, तेव्हा मला पंच म्हणून नेमू नका. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी प्रयोग प्रसिद्ध केला. एकीकडे उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण, दुसरीकडे तेच सीडीच्या मापाच्या चाळणीतून काढलेलं. कोणतं कुठलं हे श्रोत्याला सांगायचं नाही. ५५४ वेळा विचारलं, ४९.८ टक्के उत्तरं बरोबर. म्हणजे नाणेफेकच! २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा अठरा प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा आकडा ५२.३ टक्क्यांवर आला. फरक अगदीच शून्य नाही, सराव असलेल्यांना थोडा जास्त जाणवतो. पण तो केवढा, हे तुम्हीच पाहा.

या निकालांवर शौकीन मंडळी चिडतात. ‘आमच्या कानांवर विश्वास ठेवा’ म्हणतात. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण तो प्रमाणाचा वाद आहे. नैयायिक प्रत्यक्षाची व्याख्या करताना ते ‘अव्यभिचारी’ हवं अशी अट घालतात : चमकणारी वाळू पाणी म्हणून दिसली, तर ते प्रत्यक्ष नव्हे. आता बघा, डबीचा धातू, किंमत, मित्राची शिफारस हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून ‘ऐकणारा’ माणूस फक्त कानांनी ऐकतच नसतो. झाकून घेतलेल्या चाचणीत तेवढंच होतं की डोळे बाजूला काढले जातात. कानांवर खरा विश्वास कुणी टाकला मग? माझ्या मते, चाचणी घेणाऱ्यानं. त्यातही एक मेख आहे. दोन आवाजांपैकी किंचित मोठा असतो तो आपल्याला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. बाहेरची डबी बहुतेक वेळा फोनपेक्षा मोठा आवाज देते, आणि दुकानातली तुलना तिथेच निकालात निघते.

म्हणून डबी घेऊच नये? तसं नाही. फोनला जॅकच नसेल, तर काहीतरी लागणारच. साधं चांगलं डोंगलही आकडे प्रामाणिकपणे उलगडतं. मोठ्या, ३०० ओहमच्या हेडफोनला मात्र दाब जास्त लागतो. लहान डोंगल साधारण एक व्होल्ट देतं, आणि हळू मुद्रित केलेल्या ख्यालात ते अपुरं पडू शकतं. तिथे ताकदीच्या ॲम्पचा उपयोग खराच आहे. आयफोनशी चालणारं डोंगल अँड्रॉइडवर कधीकधी आवाज बराच खाली ठेवतं, तेव्हाही तेच. घरच्या जुन्या ॲम्प्लिफायरला फोन जोडायचा असेल, तर सीडी प्लेयरइतके दोन व्होल्ट देणारा डॅक सोयीचा पडतो. त्यापलीकडचे पैसे हेडफोनवर किंवा स्पीकरवर घालावेत, आणि स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून जरा पुढे ओढावेत. या साखळीत सगळ्यात जास्त चूक अजूनही तिथेच होते, जिथे विजेची हवा होते.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेचं नाव निघालं की लोक विचारतात, त्यांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या २४ बिटांत ऐकाव्यात का. जरूर ऐकाव्यात, पण बिटांसाठी नव्हे. त्या मेणाच्या साच्यावर जेवढं उतरलं तेवढंच आहे. तबकडी कुणी, कोणत्या सुईनं, किती वेगानं फिरवून उतरवून घेतली, यावर सगळं ठरतं. वेग चुकला तर खाँसाहेबांची पट्टीच बदलते, आणि ते कोणताही डॅक दुरुस्त करत नाही.

घरी करून पाहायचं असेल तर असं करा. नुसत्या तानपुऱ्याचं चांगलं ध्वनिमुद्रण घ्या. एकाच ॲपवर, एकाच हेडफोननं, आधी फोनच्या वायरीतून आणि मग डबीतून ऐका. दोन्हींची पातळी फोनमधल्या आवाज मोजायच्या ॲपनं सारखी करा. हेडफोनचा कप माइकवर दाबून धरला की पुरे. मग घरातल्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा आणि वहीत लिहा, पहिली की दुसरी. वीस वेळा करा. पंधरा किंवा जास्त बरोबर आली, तर डबी ठेवा आणि आनंदानं ऐका. दहा-अकरा आली, तर दुकानाची परत घेण्याची मुदत कधी संपते ते पावतीवर पाहा.

चला, आता प्रश्न घेऊ.