पाण्यावर फिरणारे जाते आणि खानकाहची भाकर

दख्खनमधल्या मुस्लिम राजवटींच्या वास्तूंचा विषय निघाला की चर्चा किल्ले, मकबरे आणि मशिदींपाशी थांबते. या वास्तूंना पाणी कुठून आणि कसे येत होते, हे क्वचितच विचारले जाते. अहमदनगरचा (आता अहिल्यानगर) इतिहास तर या प्रश्नाशिवाय समजतच नाही. निजामशाहीच्या या राजधानीत शहराबाहेरचे पाणी खापरी नळांतून आणले जाई. 1583 मध्ये सलाबत खानाच्या देखरेखीखाली पूर्ण झालेला फराहबाग महाल तर तलावाच्या मधोमध उभारला होता.

हीच जाण पुढे मलिक अंबरसोबत खडकीला गेली. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा वजीर झाला. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावरही त्याने ही सत्ता झुंजत ठेवली. 1610 मध्ये वसवलेल्या खडकीला त्याने नहर खोदून पाणी दिले. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. मलिक अंबर 1626 मध्ये वारला, दहा वर्षांनी निजामशाही संपली. पण नहरींची विद्या या शहरात टिकली. खाम नदीकाठची पाणचक्की हे तिचे सर्वात देखणे उदाहरण.

बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांची ही खानकाह. त्यांचे मुर्शद बाबा पलंगपोशही इथेच दफन आहेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुसाफिरांचे खलिफा शाह महमूद यांच्या काळात, हा परिसर वाढत गेला. तुर्कताज खान, जमील बेग खान यांसारख्या सरदारांनी त्याला हातभार लावला.

इथल्या रचनेची खुबी अशी, की एकच पाणी अनेक कामे करते. काही किलोमीटरवरच्या उंच जागेवरून ते बंद नळांतून उताराने येते. दाबामुळे ते भिंतीच्या माथ्यापर्यंत चढते आणि तिथून हौजात कोसळते. मोट नाही, रहाट नाही. हौजाशेजारी मशीद, म्हणून वजूची सोय होते. हौजाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत; त्यामुळे उन्हाळ्यात मुसाफिरांना थंड आसरा मिळे. उरलेले पाणी खाम नदीला जाते. आणि याच पाण्याच्या जोरावर जाते फिरे.

जात्याखाली आडवे, पात्यांचे चाक आहे. पात्यांवर पाणी आदळले की चाक फिरते, त्याच्या उभ्या दांड्याने वरची तळी फिरते. मध्ये दात्यांची चाके लागत नाहीत. इंग्लंडमधल्या जुन्या पाणचक्क्यांत बहुधा उभे चाक आणि त्याची गती वळवणारी दात्यांची चाके असत. तिथली इमारत मजल्यांची: वर धान्याचे कोठार, मध्ये जाती, खाली यंत्र. धान्य वर चढवले की पीठ होत होत आपसूक खाली येई.

फरक केवळ चाकाचा नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चक्की बहुतेक वेळा जमीनदाराची असे. कुळांनी तिथेच दळावे आणि दळणाचा वाटा द्यावा, असा दंडक होता. घरचे जाते वापरले म्हणून दंडही होई. चक्की हे वसुलीचे साधन होते. पाणचक्कीचे पीठ मात्र खानकाहच्या लंगरात जाई. फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू यांच्यासाठी. पहाटे उठून जात्याला जुंपल्या जाणाऱ्या बायांच्या देशात शेकडोंचे दळण पाणी करत होते, हे विसरू नये.

इस्लाममध्ये सदका-ए-जारियाची कल्पना आहे: करणारा गेला तरी ज्याचे पुण्य थांबत नाही, असे दान. नहर, विहीर, मुसाफिरखाना ही त्याची रूपे. वक्फचा मूळ अर्थही हाच. मालमत्ता अडकवून ठेवायची आणि तिचा लाभ लोकांकडे वाहता ठेवायचा. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय पाणचक्कीच्याच आवारात आहे. वक्फवर आज जी भांडणे चालतात, ती बहुतेक जमिनीच्या उताऱ्यांची आणि कब्जाची असतात. लाभ कोणाला पोचतो, हा प्रश्न मागे पडतो.

पाणचक्की पाहायला जाणारे धबधब्यासमोर फोटो काढतात आणि जात्यापाशी दोन मिनिटे थांबतात. नहरींवर वस्ती चढली आहे. नगरचे खापरी नळही असेच जमिनीखाली दडून गेले आहेत. वास्तू जपायची तर तिला पाणी देणारी वाटही जपावी लागेल. नळ तुटला तर हौज कोरडा पडेल, आणि उरलेली इमारत कशासाठी बांधली होती, हे पुढच्या पिढीला सांगणेही अवघड होईल.